यंत्रापर्यंत पोहोचण्याआधी

काचपट्टीवर मधोमध निळा भाग आणि त्याच्याभोवती तपकिरी कडं. स्तनाच्या गाठीचा तो काप इस्ट्रोजेन रिसेप्टरसाठी, म्हणजे इस्ट्रोजेन या संप्रेरकाला पकडणाऱ्या प्रथिनासाठी, रंगवलेला. या रंगात ज्या पेशीच्या केंद्रकात रिसेप्टर असतो ते केंद्रक तपकिरी होतं, नसतो ते निळंच राहतं. कडेच्या पेशी ठसठशीत तपकिरी. काचपट्टी थोडी सरकवून आतल्या बाजूला पाहावं तर रंग फिकट होत गेलेला, आणखी आत गेलं की सगळं निळं. पेशींची ठेवण मात्र इकडेतिकडे तीच, केंद्रकांचा आकार तोच. एकाच गाठीत दोन स्वभावांच्या पेशी नांदू शकतात हे खरं, त्यामुळे असा काप पाहिल्यावर पटकन तसं म्हणायचा मोह होतो. पण गाठीतला खरा भेद कापाच्या कडेला धरून, सारखं अंतर राखून धावत नाही. तो कुठेही, कसाही असतो. कडेपासून ठरावीक खोलीवर सगळीकडून रंग उतरला असेल तर त्याचं कारण गाठीत शोधू नये, ती ज्या बाटलीत ठेवली होती तिथे शोधावं. ऊती टिकवणारं फॉर्मॅलिन आतपर्यंत पोहोचलंच नव्हतं.

हाच काप नेमका मधल्या भागातून घेतला गेला असता, तर अहवालात ‘निगेटिव्ह’ लिहिलं गेलं असतं आणि कुणाला शंकाही आली नसती.

ही शेवटची गोष्ट मनातून जात नाही. कारण त्या एका शब्दावर पुढची निदान पाच वर्षं अवलंबून असतात. रिसेप्टर असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी रोज घ्यायची. पाच वर्षं घेतलेल्या टॅमॉक्सिफेनमुळे पुढच्या पंधरा वर्षांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी होतात, हे हजारो स्त्रियांच्या चाचण्या एकत्र करून सिद्ध झालेलं आहे. रिसेप्टर नसेल तर त्या गोळीचा काही उपयोग नाही, म्हणून ती दिली जात नाही. म्हणजे खोट्या ‘निगेटिव्ह’ने होतं काय, तर उपलब्ध असलेलं, साधं, जुनं औषध जिला उपयोगी पडू शकलं असतं तिच्यापर्यंतच पोहोचत नाही. आणि हे घडतं ते कुणी सूक्ष्मदर्शकात चुकीचं पाहिलं म्हणून नव्हे. पाहणाऱ्याने बरोबरच पाहिलेलं असतं. जे पाहायचं ते आधीच नाहीसं झालेलं असतं.

गाठीचा रक्तपुरवठा तुटला त्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं. पेशी लगेच मरत नाहीत. प्राणवायू मिळत नसताना त्या आपलीच प्रथिनं पचवायला लागतात. फॉर्मॅलिनमध्ये पडेपर्यंत हे चालू राहतं. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी मिळून केलेले नियम जगभर अनेक ठिकाणी पाळले जातात आणि ते अगदी स्पष्ट आहेत: गाठ काढल्यापासून एका तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये, आणि त्यानंतर कमीत कमी ६, जास्तीत जास्त ७२ तास त्यात. फॉर्मॅलिन म्हणजे १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, ज्यात प्रत्यक्ष फॉर्माल्डिहाइड ४ टक्क्यांच्या आसपास असतं. बफर नसलेलं, जुनं, आम्लधर्मी झालेलं फॉर्मॅलिन चालत नाही. हा एक तास कुठे जातो हे मात्र कुठल्याही नियमात लिहिलेलं नसतं. गाठ ट्रेवर ठेवलेली असते. तिचा एक्सरे काढायला ती दुसऱ्या खोलीत जाते, कारण खूण म्हणून बसवलेली क्लिप तिच्यात आली की नाही हे बघायचं असतं. काखेतल्या गाठींचं काम चाललेलं असतं, तोवर ‘सगळं एकदमच पाठवू’ असं कुणीतरी म्हणतं. नमुना सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवला जातो, आणि तो ओला आहे म्हणून सुरक्षित आहे असं सगळ्यांना वाटतं. ओलाव्याने तो फक्त सुकत नाही. आतली प्रथिनं जायची ती जातातच.

पुढची अडचण जाडीची. फॉर्मॅलिन ऊतीत सुरुवातीला तासाला साधारण १ मिलिमीटर शिरतं आणि जसजसं खोल जातं तसतसं मंदावतं. स्तनात चरबी भरपूर, आणि चरबीतून ते आणखीच नाखुशीने जातं. अख्खा स्तन तसाच बादलीत टाकून झाकण लावलं आणि सकाळी उघडलं, तर वरचा थर फिकट आणि घट्ट झालेला असतो, सुरी लावली की मधला भाग अजून गुलाबी, मऊ, बोटाला चिकटणारा. बहुतेक वेळा गाठ त्याच मधल्या भागात असते. म्हणून नमुना आला की आधी त्याच्या कडांना रंगीत शाई लावायची, म्हणजे गाठ कोणत्या कडेच्या किती जवळ होती हे नंतर सांगता येतं. शाई टिपून, व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाने पक्की करून घ्यायची, नाहीतर ती कापताना आत ओघळते आणि मग कड कुठली तेच कळत नाही. त्यानंतर मागच्या, छातीकडच्या बाजूने पाव कापावा तसे ५ ते १० मिलिमीटरचे काप घ्यायचे, त्वचेशी ते जोडलेले राहू द्यायचे म्हणजे वर-खाली, आत-बाहेर या दिशा हरवत नाहीत. कापांच्या मध्ये कागद किंवा गॉज सरकवायचा, कारण दोन काप एकमेकांना चिकटले की फॉर्मॅलिनच्या दृष्टीने तो पुन्हा एकच जाड तुकडा होतो. फॉर्मॅलिन नमुन्याच्या निदान दहापट. भांडं रुंद तोंडाचं. अरुंद बाटलीत नमुना कसाबसा कोंबला जातो, काचेला दाबून बसतो, आणि दाबलेल्या त्या बाजूला औषध लागतच नाही.

सुईने घेतलेल्या बायोप्सीबद्दल एक गैरसमज चांगल्या जाणत्या लोकांतही असतो. तुकडा जेमतेम १-२ मिलिमीटर जाडीचा, मग फॉर्मॅलिन तासाभरात आरपार जाणार, सहा तास कशाला थांबायचं? आरपार जातं, हे बरोबर. पण नुसतं जाऊन भागत नाही. फॉर्माल्डिहाइडला प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींशी बांधायच्या असतात, आणि ती रासायनिक क्रिया संथ आहे. तुकडा कितीही बारीक असला तरी तिला तिचा वेळ लागतो. घाई करून तो तुकडा दोन तासांत पुढच्या यंत्रात घातला, तर तिथलं अल्कोहोल उरलेलं काम आपल्या पद्धतीने करून टाकतं. ते प्रथिनं गोठवतं, बांधत नाही. नंतर काचपट्टीवरचा काप सायट्रेट किंवा ईडीटीएच्या द्रावात ९५ ते १०० अंशांना तापवायचा असतो, जेणेकरून फॉर्मॅलिनने बांधलेल्या प्रथिनांतून रिसेप्टर पुन्हा उघडा पडावा आणि त्याला चिकटून रंग आणणाऱ्या अँटिबॉडीला सापडावा. हे सगळं गणित फॉर्मॅलिनसाठी बसवलेलं आहे. अल्कोहोलने गोठलेल्या कापाला ते लागू पडत नाही. ‘आजच रिपोर्ट हवा’ या आग्रहामागची घालमेल समजते. आठवडाभर झोप न लागलेलं घर असतं ते. तरीही हे सहा तास कमी करायला सांगू नये. ते कुणाच्या आळसाचे नाहीत.

इथे एक गोष्ट जोडली पाहिजे, नाहीतर वरची काचपट्टी वाचताना उलटी चूक होईल. कडेला रंग गडद दिसण्याचं दुसरंही कारण असतं. रंगवताना काप कडेने सुकला किंवा द्राव तिथे साचला की कडा तपकिरी होतात. मग ओळखायचं कसं? सुकल्यामुळे आलेला रंग भेदभाव करत नाही, पेशींमधल्या तंतुमय जागेवरही तो सांडलेला असतो. खरा रंग केंद्रकातच बसतो, आजूबाजूची जमीन स्वच्छ राहते. आणि सगळ्यात विश्वासू साक्षीदार म्हणजे गाठीशेजारची निरोगी दुग्धनलिका. तिच्यातल्या काही पेशींत रिसेप्टर असायलाच हवा. एक तपकिरी, दोन निळ्या, परत एक तपकिरी, अशी ती विस्कळीत रांग दिसली की समजायचं, रंग लागला आहे, आता गाठ निळी असेल तर ती खरंच निळी. नलिकाही निळीच असेल, तर गाठीबद्दल काहीही बोलू नये. १ टक्का केंद्रकं जरी रंगली तरी ‘पॉझिटिव्ह’ म्हणायचं, १ ते १० टक्क्यांना ‘लो पॉझिटिव्ह’, इतक्या बारीक फरकावर आज आपण आलो आहोत. अशा वेळी त्या नलिकेचा उल्लेखही नसलेला निगेटिव्ह अहवाल मला अपुरा वाटतो.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंड आणि लॅब्रेडॉर प्रांतात हे केवढं मोठं होऊ शकतं ते दिसलं. १९९७ ते २००५ या वर्षांतल्या रिसेप्टर चाचण्यांपैकी एका रुग्णाची निगेटिव्ह आलेली चाचणी २००५ मध्ये पुन्हा केली, ती पॉझिटिव्ह आली. मग आणखी काही केल्या, त्याही उलटल्या. शेवटी सुमारे हजार निगेटिव्ह नमुने टोरांटोला फेरतपासणीसाठी पाठवले गेले आणि जवळपास ४०० जणांचे निकाल बदलले. काही जणी तोवर हयात नव्हत्या. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या आयोगाचा अहवाल २००९ मध्ये आला. त्यात एखादा खलनायक सापडत नाही. ऊती नीट न टिकवणं, कृतीची लेखी पद्धत नसणं, ज्यांचा निकाल आधीच ठाऊक असतो अशा नियंत्रण काचपट्ट्यांकडे कुणी रोज न पाहणं, लोक बदलत राहणं, अशा साध्या साध्या गोष्टी वर्षानुवर्षं साठत गेलेल्या दिसतात. फेरतपासणी होऊ शकली ती गाठीचे तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक जपून ठेवलेले होते म्हणून. ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतात. त्यातून कापून ठेवलेली कोरी काचपट्टी मात्र काही आठवड्यांतच हवेने निस्तेज व्हायला लागते, म्हणून जुन्या गाठींवर संशोधन करताना काप नव्याने घ्यावा लागतो. हे न पाळता केलेल्या तुलनेत औषधाचा परिणाम शोधता शोधता कपाटाचा परिणाम सापडण्याचा धोका असतो.

वनस्पतिरोगांच्या प्रयोगशाळेत हेच दुखणं वेगळ्या वासाचं असतं. पिशवी उघडली की आधी कुजका, आंबूस वास येतो आणि तिथेच निम्मं कळून चुकतं. प्लास्टिकच्या पिशवीत ओलं पान दोन दिवस प्रवास करून आलेलं असतं. पाठवणाऱ्याने काळजीने सगळ्यात वाईट दिसणारं, पूर्ण वाळलेलं पान निवडलेलं असतं. नेमकं तेच निरुपयोगी. मेलेल्या भागात रोगकारक बुरशी बहुधा उरलेली नसते. तिथे मेलेल्यावर जगणाऱ्या भलत्याच बुरश्या घर करून बसतात, आणि प्रयोगशाळेच्या अन्नावर त्याच सगळ्यात जोमाने वाढतात. तुकडा घ्यायचा तो डागाच्या सीमेवरून, थोडा हिरवा थोडा तपकिरी, २ ते ५ मिलिमीटरचा. सोडियम हायपोक्लोराइटच्या अर्धा ते एक टक्का द्रावात मिनिटभर बुडवायचा, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवायचा, टिपकागदावर नीट कोरडा करायचा आणि मग बशीतल्या बटाट्याच्या आगरवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या घट्ट अन्नावर, ठेवायचा. कमी वेळ बुडवला तर वरचा कचरा उगवतो, जास्त वेळ बुडवला तर आतला रोगकारकही मरतो आणि बशी कोरी राहते. कोरी बशी म्हणजे बुरशी नव्हती असं कुणी म्हणालं, तर तो खोटा निगेटिव्हच. पाणी भरलेल्या मातीतून मुळांवर येणाऱ्या फायटोफ्थोरासारख्या जिवाला या साध्या बशीत इतर बुरश्या सहज मागे टाकतात, त्याच्यासाठी निवडक अन्न वेगळं लागतं. विषाणूंची आणि शिरांतून वाहणाऱ्या जिवाणूंची तर आणखी पंचाईत. लिंबूवर्गीय झाडांच्या ग्रीनिंग रोगाचा जिवाणू झाडभर सारखा पसरत नाही. एका फांदीत तो दाटून असतो, शेजारच्या फांदीत सापडत नाही. म्हणून वेगवेगळ्या फांद्यांची पानं, आणि त्यातही देठ आणि मधली शीर, कारण जिवाणू अन्नवाहिन्यांत राहतो. पानाचं पातं घेऊन पीसीआर करणाऱ्याला यंत्र कितीही महागडं मिळालं तरी उत्तर ‘नाही’ असंच येण्याची भीती.

सोबत एक निरोगी पानही मागावं. ते क्वचितच येतं.

मुलांच्या वाढीच्या संशोधनात नमुना कुजत नाही, सुकत नाही. तो रडतो. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून मोजतात, त्यापुढे उभं करून उंची. दोन्हींत सरासरी ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणून दीड वर्षाचं मूल झोपायला तयार नाही म्हणून उभं मोजलं तर आकड्यात ०.७ मिळवायचे आणि तसं फॉर्मवर लिहायचं. झोपवून मोजायला दोन माणसं लागतात, याला पर्याय नाही. एकाने फळीच्या डोक्याकडे बसून दोन्ही तळव्यांनी मुलाचं डोकं स्थिर फळीला टेकवायचं, नजर सरळ वर. दुसऱ्याने एका हाताने गुडघे हलके दाबून पाय सरळ करायचे आणि दुसऱ्या हाताने सरकती फळी तळपायांना लावायची, पायाची बोटं छताकडे. केसातली क्लिप, वेणी, पायमोजे आधीच काढायचे. मूल कमान करतं, एक पाय आखडून घेतं, आणि मोजणाऱ्याला ते लवकर संपवायचं असतं, कारण आई समोर उभी असते आणि मुलाचा श्वास रडून अडकत असतो. त्या दोन सेकंदांत एक सेंटिमीटर सहज हरवतो.

एक सेंटिमीटरने काय होतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांनुसार २४ महिन्यांच्या मुलग्याची मधली लांबी ८७.८ सेंटिमीटर आणि खुजेपणाची रेषा ८१.७. ही रेषा मधल्या लांबीच्या दोन प्रमाण विचलनं खाली असते; प्रमाण विचलन हे विखुरण्याचं माप. म्हणजे एक प्रमाण विचलन ३ सेंटिमीटरच्या आसपास, आणि हरवलेला एक सेंटिमीटर त्याचा एक तृतीयांश. पण एका मुलापेक्षा समूहात ही चूक जास्त फसवते. मोजणारे कधी थोडं जास्त, कधी थोडं कमी मोजत असतील, तर सरासरी जागच्या जागी राहते आणि सगळ्यांना वाटतं की चुका एकमेकींना खाऊन टाकतात. तसं होत नाही. विखुरणं वाढतं, आणि आपण मोजतो शेपटीकडची मुलं. निरोगी समूहात २.३ टक्के मुलं उणे दोन विचलनांच्या खाली असतात. मोजण्यातल्या गोंधळाने विखुरणं १ वरून १.२ झालं, तर तोच आकडा ४.८ टक्के होतो. उणे तीनच्या खालची, म्हणजे तीव्र खुजी ठरणारी मुलं जवळपास पाचपट होतात. एकही मूल खुजं न होता. वयातही हेच. ‘दोन वर्षांचा’ म्हणून सांगितलेला मुलगा सव्वीस महिन्यांचा असेल, तर या वयात महिन्याला एक सेंटिमीटरहून किंचित कमी वाढ धरता दीड सेंटिमीटरहून जास्त फरक पडतो, आणि तो खुजा असूनही बरा दिसतो. म्हणून सर्वेक्षणाची आकडेवारी हाती आली की निष्कर्षांआधी शेवटचा अंक पाहावा. ० आणि ५ यांची गर्दी झालेली असेल तर मोजपट्टी वाचली गेलेली नाही, अंदाज लिहिला गेला आहे.

ही मानकं ज्या अभ्यासातून आली तो १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत सुमारे साडेआठ हजार मुलांवर झाला. प्रत्येक मूल दोघांनी स्वतंत्रपणे मोजायचं, एकाने दुसऱ्याचा आकडा पाहायचा नाही. मग दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. वजनात १०० ग्रॅम, लांबीत ७ मिलिमीटर, डोक्याच्या घेरात ५ मिलिमीटर, याहून जास्त तफावत आली तर दोघांनीही पुन्हा मोजायचं. एकाने आपला आकडा दुसऱ्याकडे ओढायचा नाही. मला या अभ्यासातला याहूनही आवडणारा तपशील हालचालींच्या नोंदीतला आहे. मूल आधाराशिवाय बसतं का, रांगतं का, एकटं चालतं का, हे घरी जाऊन पाहायचं होतं. उत्तराला नुसतं हो-नाही ठेवलं नव्हतं. ‘नाही’ दोन प्रकारचं होतं: जमलं नाही, आणि नकार दिला. मूल झोपेत, आजारी किंवा रडवेलं असेल तर पाहताच आलं नाही अशी वेगळी नोंद. एकट्याने चालायला लागण्याच्या वयाची खिडकी ८.२ ते १७.६ महिने इतकी रुंद निघाली, आणि ४.३ टक्के मुलं हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, हे आपण खात्रीने सांगू शकतो ते या वेगळ्या रकान्यांमुळे. भुकेल्या, अनोळखी माणसाला बिचकलेल्या मुलाचं ‘नाही’ आणि ज्याच्या स्नायूंना ते जमत नाही त्याचं ‘नाही’ एका खुणेत मिसळलं असतं, तर पुढे कुठल्याही सांख्यिकीला ते वेगळं करता आलं नसतं. आठ आठवडे आधी जन्मलेल्या मुलाला आठव्या महिन्यात सहा महिन्यांचं धरून तपासायचं, हा दोन वर्षांपर्यंत पाळायचा नियमही त्याच सावधपणाचा.

संशोधनाच्या प्रस्तावात यंत्राला पैसे मिळतात, आणि मिळावेतही. पण फळीच्या डोक्याकडे बसणाऱ्या दुसऱ्या माणसाचा पगार, दर दोन-तीन महिन्यांनी मोजणाऱ्यांची फेरपरीक्षा, ठाऊक लांबीची धातूची काठी घेऊन फळी तपासण्याचा वेळ, पानं गोळा करणाऱ्याला कागदी पाकिटं, ऑपरेशन थिएटरमधून नमुना लगेच नेणारा एक माणूस, हे खर्च ‘इतर’मध्ये जातात आणि कपात आली की आधी तेच जातात. मला वाटतं, प्रस्ताव तपासणाऱ्यांनी यंत्राच्या पानाआधी हे पान मागावं. आणि रुग्णाच्या घरच्यांना माझं सांगणं एवढंच, की रिसेप्टर ‘निगेटिव्ह’ आला तर डॉक्टरांना न संकोचता तीन प्रश्न विचारावेत. शेजारच्या निरोगी नलिका रंगल्या होत्या का? नमुना फॉर्मॅलिनमध्ये कधी गेला आणि किती तास होता, याची नोंद आहे का? बायोप्सीच्या आणि ऑपरेशनच्या, दोन्ही नमुन्यांवर चाचणी झाली का? बायोप्सीचे तुकडे घेतल्या घेतल्या फॉर्मॅलिनमध्ये पडतात, त्यामुळे बहुधा तेच जास्त चांगले टिकलेले असतात. शंका राहिली तर दुसऱ्या ब्लॉकवर चाचणी पुन्हा करता येते, आणि ब्लॉक दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवायला मागण्यात काहीही गैर नाही.